गॅसवरचा सुगंधी गंज

डिसेंबर लागला की नागपुरात घरोघरी एकच कचरा असतो, संत्र्याच्या साली. (पुण्या-मुंबईकडे 'संत्रं' म्हणतात. आम्ही 'संत्रा' म्हणतो, अनेकवचन 'संत्रे'. फळ आमचं आहे, तर व्याकरणही आमचंच चालणार.) दोन किलो संत्रे टीव्हीसमोर बसल्या बसल्या संपतात आणि मग ताटात सालींचा ढीग उरतो. कुणी त्या गच्चीवर वाळवून उटण्यात घालतं, कुणी झाडांना टाकतं. बाकी सगळ्या ओल्या कचऱ्यात.

या सालींचा एक उपयोग असा की त्या मसाल्यांबरोबर पाण्यात टाकायच्या, गॅसवर मंद आचेवर ठेवायच्या आणि घरभर वास पसरू द्यायचा. अमेरिका-युरोपात नाताळच्या दिवसांत हे करतात. नारिंगाच्या साली, दालचिनी, लवंग असलं काहीतरी स्टोव्हवर रटरटत असतं आणि पाहुणे दारातूनच 'आहा' करत आत येतात. आता आपल्याकडेही बरेच जण करायला लागलेत. माझे या प्रकाराबद्दल काही ठाम विचार आहेत. काही लोकांना ते आगाऊपणाचे वाटतील. पण वीकेंडला माणसाने आगाऊपणा नाही करायचा तर कधी करायचा?

आधी नावाचं बघू. इंग्रजीत सुगंधी फुला-पानांच्या मिश्रणाला 'पॉटपुरी' म्हणतात. हा शब्द फ्रेंच, आणि त्याचा शब्दशः अर्थ 'सडकं भांडं'. म्हणजे जगातल्या सगळ्यात सोज्वळ वस्तूचं नाव सगळ्यात घाणेरडं. आमच्याकडे पातेल्याला 'गंज' म्हणतात, तेव्हा मी याला सुगंधी गंज म्हणतो. विदर्भाबाहेरच्या वाचकांना यात लोखंडावरचा तांबडा थर दिसेल, त्याला माझा नाइलाज आहे.

तर कृती. माझ्याकडे एक साधा स्टीलचा जाड बुडाचा गंज आहे, दीड लिटरचा. त्यात लिटरभर पाणी, बोटभर दालचिनी, पाच-सहा लवंगा, एक-दोन तेजपान. विलायचीचे दाणे काढून घेतल्यावर जी फोलं उरतात ती मी एका डबीत साठवतो, तीही चिमूटभर. हे सगळं आधी उकळू द्यायचं, मग सगळ्यात छोट्या बर्नरवर सिम करायचं. दहा-पंधरा मिनिटांनी दोन संत्र्यांच्या साली घालायच्या. झाकण ठेवायचं नाही. पाणी खळाखळा उकळायला नको, तळातून एखाद-दुसरा बुडबुडा आला तरी पुरे.

साली शेवटी का, तर त्यामागे फंडा आहे. संत्र्याच्या सालीतल्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. हे भलतंच उडाऊ कार्टं. साल नुसती वाकवली तरी बारीक फवारा उडतो. लहानपणी भावाबहिणींच्या डोळ्यात तो उडवला नाही असा माणूस नागपुरात सापडणार नाही. मेणबत्तीच्या ज्योतीवर उडवला तर तडतड ठिणग्या पडतात, कारण ते तेल पेट घेतं. लवंगेतलं युजेनॉल आणि दालचिनीतलं तेल मात्र जड, सुस्त. ते बाहेर पडायला वेळ घेतं. सगळं एकदम टाकलं तर पहिल्या वीस मिनिटांत नुसता संत्रा आणि नंतर नुसता गरम मसाला, अशी अवस्था होते. मसाले आधी आणि साली मागून घातल्या की दोघे साधारण बरोबर दारात येतात.

इथे एक गंमत आहे. लिमोनीनचा उत्कलनबिंदू १७६ अंशांच्या आसपास. पाणी तर शंभरावरच उकळतं. मग ते उडतं कसं? तर वाफेबरोबर. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले की दोघे आपापला वाफेचा दाब लावतात, आणि त्या दोघांची बेरीज वातावरणाच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळतं. म्हणजे शंभराच्याही किंचित खाली. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या तासाला हे शिकवलं होतं, तेव्हा आम्ही मागच्या बाकावर काय करत होतो ते जाऊ द्या. उत्तर प्रदेशातल्या कनौजला अत्तरवाले शेकडो वर्षं हेच करत आलेत. तांब्याच्या मोठ्या देगेत फुलं नाहीतर मुळं पाण्यात शिजवायची, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात न्यायची आणि थंड करायची. फरक इतकाच की ते वाफ पकडून ठेवतात आणि आपण ती हॉलमध्ये सोडून देतो.

साली ताज्या हव्यात. वाळलेल्या सालीतलं बरंचसं तेल आधीच उडून गेलेलं असतं. तेलाच्या पिशव्या वरच्या केशरी भागात असतात, आतल्या पांढऱ्या भागात जवळपास काही नसतं, त्यामुळे जाड सालीचं फळ आणलं म्हणून वास जास्त येत नाही. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सैल, ती या कामाला उत्तम. आंबिया बहराचे संत्रे दिवाळीच्या आसपासपासून डिसेंबरपर्यंत बाजारात असतात, मृग बहराचे फेब्रुवारी-मार्चात येतात. म्हणजे थंडीभर मालाची ददात नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सालीला वेगळं मिळालेलं नाही, पण मिळायला हरकत नव्हती. साली आधी नीट धुऊन घ्या, फळावर बागेत फवारणी झालेली असते. आणि त्याच कारणासाठी हे पाणी नंतर 'हर्बल टी' म्हणून कुणाला पाजू नका.

तासभर पुरे. त्यापुढे तुम्हाला वास येतच नाही, कारण नाक दहा-पंधरा मिनिटांत सवय करून घेतं. लोकांना वाटतं वास संपला, म्हणून ते आणखी साली, आणखी लवंगा टाकत राहतात, आणि बाहेरून आलेल्या माणसाला मिठाईच्या कारखान्यात आल्यासारखं होतं. वास आहे की नाही ते बघायचं असेल तर जिन्यात एक चक्कर मारून परत या. गॅस बंद केल्यावरही गंज गरम असेपर्यंत काम करतो. दुसऱ्या दिवशी तेच पाणी परत उकळणारे महाभाग आहेत. एकदा ठीक आहे, पण रात्रभर बाहेर राहिलेलं ते पाणी आंबायला लागतं आणि मग फ्रेंच नाव सार्थ होतं.

पाणी आटू देऊ नका. साली कोरड्या पडल्या की त्यातली साखर आणि तेल करपतं, आणि तो वास पडद्यांतून दोन दिवस जात नाही. मोबाईलवर वीस मिनिटांचा टायमर लावा. आणि गंज गॅसवर ठेवून घराबाहेर जायचं नाही. हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

आता खर्चाचा हिशोब. इंजिनियर माणसाला हिशोबाशिवाय सुगंधही गोड लागत नाही. साध्या तपमानाचं एक लिटर पाणी उकळून पूर्ण आटवायला साधारण २.६ मेगाज्यूल उष्णता लागते. घरगुती शेगडीची कार्यक्षमता आपल्या मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के असायला हवी. ती धरली तर गॅस जाळायचा तो ३.८ मेगाज्यूलचा, म्हणजे ८० ते ८५ ग्रॅम. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये असं सुमारे १७० लिटर पाणी आटेल. रोज एक लिटर आटवलं तर वर्षाला दोन सिलिंडर नुसते वासात गेले. आठवड्यातून एकदा अर्धा लिटर आटवलं तर काहीच वाटत नाही. म्हणून ही रविवारची चैन आहे, रोजचं काम नाही.

पण खरी गोम गॅसच्या पैशात नाही, त्या ३.८ मेगाज्यूलमध्ये आहे. ते सगळे शेवटी तुमच्याच घरात राहतात. हजार वॅटचा हीटर तासभर लावला तर जेवढी उष्णता निघेल त्याहून थोडी जास्तच. डिसेंबरात हे कोण नको म्हणेल? नागपूरची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, पण २०१८ च्या डिसेंबरअखेर इथे पारा ३.५ अंशांवर गेला होता. हवा कोरडी, ओठ फुटलेले, टाचांना भेगा. अशा वेळी स्वयंपाकघरात थोडी ऊब आली, हवेत थोडी वाफ आली आणि वर संत्र्याचा वास आला, तर एका दगडात तीन पक्षी.

हीच गोष्ट मे महिन्यात करणाऱ्याला मी हात जोडतो. मागे एका ओळखीच्यांकडे ऐन मे महिन्यात, दुपारी चार वाजता, गॅसवर लिंबाच्या साली आणि पुदिना रटरटत होता. 'समर फ्रेश' म्हणे! बाहेर ४५ अंश. नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ बघितलेत. (२०२४ च्या मेअखेर इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले होते, पण तो सेन्सर बिघडला होता असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. आम्हाला मात्र आकडा बघून फारसं आश्चर्य वाटलं नव्हतं.) असल्या शहरात उन्हाळ्यात घराला सुगंध द्यायची पद्धत आपल्याकडे आधीपासून आहे आणि तिला गॅस लागत नाही. ती म्हणजे खस. मराठीत वाळा.

मार्चअखेर नागपुरात कूलर लावणं हा एक सोहळा असतो. माळ्यावरून किंवा गच्चीवरून कूलर खाली काढायचा, गंजलेला पत्रा (हा दुसरा गंज) घासून रंगवायचा, पंप चालतो का बघायचा, खिडकीबाहेर स्टँडवर चढवायचा. त्यात बाबांचं आणि माझं दर वर्षी एक भांडण. आणि मग ताट्या बदलायच्या. पूर्वी चांगल्या घरांत खसच्या ताट्या असत, साध्यांत लाकडाच्या भुश्श्याच्या लांब काड्यांचं 'गवत'. आता मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड आलेत. ते जास्त टिकतात, पाणी सगळीकडे सारखं पसरवतात, गारवाही चांगला देतात. इंजिनियर म्हणून मला ते मान्य. पण त्यांना वास नाही. असलाच तर पहिले दोन दिवस ओल्या पुठ्ठ्याचा.

खसच्या ताटीवर पहिलं पाणी पडतं तेव्हा जो वास येतो तो ज्याने घेतलाय त्याला वर्णन करून सांगायची गरज नाही, आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. मातीचा, मुळांचा, थोडा धुरकट. कोरडी खस हातात घेतली तर वास बेताचाच, पाणी लागलं की जिवंत होते. तिच्यातलं तेल जड असतं, हळूहळू सुटतं, म्हणून ताटी आख्खा हंगाम वास देत राहते. संत्र्याची साल बिचारी तासाभरात रिकामी होते.

मला यातली खरी गंमत वाटते ती अशी. गॅसवरचा गंज आणि खिडकीतला कूलर एकच काम करतात, पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेबरोबर वास सोडतात. पण वाफ करायला उष्णता लागते, ती कुठून आणायची यात फरक आहे. गंज ती गॅस जाळून आणतो आणि घरात टाकतो. कूलर ती आत येणाऱ्या गरम हवेतूनच काढून घेतो, म्हणून हवा गार होते. एक लिटर पाणी उडवताना कूलर हवेतून साधारण २.४ मेगाज्यूल ओढून घेतो. गंज तेवढ्याच पाण्यासाठी ३.८ घरात ओततो. वास दोन्हीकडे फुकट. आता मे महिन्यात कुठला निवडायचा हे सांगायला इंजिनियर कशाला हवा? माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या आजीलाही हे कळत होतं, तिने मेगाज्यूल हा शब्द न ऐकता.

कूलरमध्ये पॅडच हवे असतील तर खसची एक पातळ जुडी पॅडच्या आतल्या बाजूला बांधून बघा. आम्ही तसंच करतो. पहिल्या दिवशी टाकीतलं पाणी तांबूस होतं, घाबरू नका, बदलून टाका. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर खसच्या वासात डेंग्यूचे डास वाढतील.

पावसाळ्यात दोन्ही बंद. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत २५ अंशांना फार तर पाऊण किलोच्या थोडी वर वाफ मावते. जुलै-ऑगस्टात त्यातली बरीचशी जागा आधीच भरलेली असते. त्यात लिटरभर पाणी आटवलं तर ते भिंतीवर, कपाटामागे, गाद्यांवर जाऊन बसणार. आणि घरात ओलीचा वास येतोय म्हणून तर तुम्ही गंज ठेवला होतात! बुरशीला पाणी पाजून वर अत्तर शिंपडल्यासारखं झालं हे. तिथे पंखा, उघडी खिडकी आणि जमल्यास गळक्या भिंतीचा इलाज.

हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गंजाने हवेत काहीतरी भर पडते, हवेतून काहीही कमी होत नाही. आम्ही प्रोग्रॅमर लोक कधीकधी एक आळशीपणा करतो. एरर आला की तो कॅच करायचा आणि आत काहीच लिहायचं नाही. स्क्रीन स्वच्छ, क्लायंट खूश, आणि बग जिथल्या तिथे. वासावर वास टाकणं हा तसलाच प्रकार आहे. कचऱ्याचा डबा, तुंबलेलं बेसिन, बुरशी, ओला टॉवेल, यातल्या कशालाही दालचिनीने फरक पडत नाही.

आमच्या घरात हा प्रश्न वासापेक्षा श्वासाचा आहे. आईला दमा आहे. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं की घरात धूर नको. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, काही नको. कॉइल आम्ही लगेच बंद केली. २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. हे वाचल्यावर वाद घालायला जागा उरत नाही. पण उदबत्ती? तिच्यासाठी ती वासाची वस्तू नाही, पूजा आहे. 'देवाला गंज दाखवू का मी?' असं तिने विचारलं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. सध्या तह असा झालाय की उदबत्ती बाल्कनीत तुळशीजवळ लावायची, एकच, आणि दार ओढून घ्यायचं. देवघरात तुपाचं निरांजन आणि फुलं. धूप फक्त दसरा-दिवाळीला, तोही ती घरात नसताना बाबा फिरवतात.

गंज हा उदबत्तीला निर्धोक पर्याय आहे असं बरेच जण म्हणतात. धूर नाही हे खरं. पण 'नैसर्गिक आहे म्हणजे काही होत नाही' हे मला पटत नाही. गॅसची ज्योतच नायट्रोजन डायऑक्साइड सोडते, आणि दम्याच्या माणसाला तो त्रासदायक. हवेत ओझोन असेल तर लिमोनीनची त्याच्याशी क्रिया होऊन थोडं फॉर्माल्डिहाइड आणि बारीक कण तयार होतात, मग ते लिमोनीन बाटलीतलं असो की काटोलच्या बागेतलं. शिवाय दमा असलेल्या कित्येकांना कुठल्याही उग्र वासाने खोकला सुरू होतो. आईला संत्रा चालतो, दालचिनी जास्त झाली की घशात खवखवतं. म्हणून आमच्याकडे दालचिनी बोटभरच, खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, आणि आई नको म्हणाली की गॅस बंद. 'काय उकळून राहिला रे सकाळपासून?' हे तिने विचारलं की मी समजून जातो. तुमच्या घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर आधी त्याचं बघा, मग पाहुण्यांचं.

स्वयंपाकघरात एक वास असाही आहे जो झाकला जाताच कामा नये. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं दुर्गंधी रसायन मुद्दाम मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. सिमवरची बारीक ज्योत खिडकीतल्या वाऱ्याने विझली आणि घर लवंग-दालचिनीने दणाणलेलं असेल, तर तो कुजका वास ओळखू यायला उशीर होऊ शकतो. म्हणून गंज चालू असताना कुणीतरी ज्योतीकडे बघत राहायला हवं. सगळे वास छान झाले पाहिजेत हा हट्टच मुळात मला संशयास्पद वाटतो.

आणि आता ज्या कारणाने हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो.

ऑफिसमधली एक मैत्रीण आहे, मूळची चंद्रपूरकडची. इथे भाड्याने राहते. घर घेताना एजंट म्हणाला होता, 'फॅमिली चांगली आहे ना, मग काही प्रॉब्लेम नाही.' करारात खाण्यापिण्याबद्दल एक अक्षर नाही. पण तीन महिन्यांनी घरमालकाचा फोन आला की खालच्या मजल्यावरून तक्रार आहे, रविवारी 'वास' येतो. कसला वास ते त्यांनी म्हटलं नाही, तिनेही विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं. ती रविवारी झिंगे करते, कधी मटण. तिने माझ्याकडे गंजाची कृती मागितली. झिंगे चुलीवर चढायच्या आधी अर्धा तास संत्रा-लवंग सुरू, झाल्यावर आणखी तासभर. खिडक्या बंद, कारण वास खाली जाऊ नये. म्हणजे ज्या एका गोष्टीने वास खरोखर गेला असता, तीच बंद.

मी तिला कृती दिली, आणि हेही सांगितलं की याने काम होणार नाही. वाळलेल्या मासळीच्या वासात अमाइन असतात. हाताला, भांड्याला लिंबू चोळलं तर आम्लाने त्यांचा क्षार होतो आणि ते उडत नाहीत, म्हणून लिंबू खरंच चालतं. पण हवेतल्या अमाइनला संत्र्याचा वास काही करत नाही, दोघे शेजारी शेजारी उभे राहतात. मटणाच्या रश्श्याचं तर त्याहून वाईट. या शहराने सावजी रस्सा जन्माला घातला, दगडफूल, जवस, खसखस, सुकं खोबरं आणि तेलाचा तो जाड तवंग. फोडणीतून उडालेले तेलाचे बारीक थेंब पडद्यांवर, टाइल्सवर बसतात आणि दोन दिवस तिथूनच बोलत राहतात. गंमत बघा, महाल नाहीतर गोळीबार चौकाकडे जाऊन याच वासासाठी लोक रांगा लावतात, डब्यात बांधून नेतात, आणि घरी आल्यावर तोच वास शेजाऱ्याच्या खिडकीतून आला तर फोन करतात.

माझं मत साधं आहे. कुणाच्या जेवणाचा वास आवडत नसेल तर नाक फिरवायची प्रत्येकाला मोकळीक आहे. जिन्यात कचरा ठेवला, रात्री दोनला मिक्सर लावला, तर तक्रार करा, मीही करेन. पण दुपारी बाराला स्वतःच्या चुलीवर स्वतःचं जेवण शिजवताना माणसाने आधी संत्र्याच्या साली उकळाव्यात, ही अपेक्षा मला लाजिरवाणी वाटते. आणि ती करणाऱ्याला आपण काही मागतोय असं वाटतही नाही, याचा जास्त राग येतो. खालच्या घरातली हिंगाची फोडणी आणि संध्याकाळचा धूप वर येतोच की. तिने कधी फोन केला नाही.

तिला मी तीन गोष्टी सांगितल्या. खिडकी उघड. झिंगे भाजायच्या आधी एक्झॉस्ट लाव आणि झाल्यावर वीस मिनिटं चालू ठेव. घरमालकाला लेखी विचार की करारातल्या कुठल्या कलमाबद्दल बोलताय. पहिल्या दोन तिने लगेच केल्या. तिसरीबद्दल म्हणाली, 'तुझं घर स्वतःचं आहे, तुले काय लागते बोलायला.' बरोबर आहे तिचं.

मार्चात तिचा करार संपतोय. तिने दुसरं घर बघायला सुरुवात केली आहे, आणि मागच्या शनिवारी तिच्याबरोबर मीही तीन घरं बघून आलो. प्रत्येक ठिकाणी ती आधी स्वयंपाकघरात गेली, खिडकी कुठल्या बाजूला उघडते ते बघितलं, आणि मग मालकाला सरळ सांगितलं की रविवारी झिंगे होतील. दोघांनी नंतर कळवतो म्हटलं. तिसऱ्या घरातल्या काकूंनी विचारलं, 'वांग्यात टाकता का?'